प्राण, अपान आणि सखीरचे ऊन



गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, मी वैश्वानर होऊन प्राणिमात्रांच्या देहात राहतो आणि प्राण व अपान यांच्या संगतीने चार प्रकारचे अन्न पचवतो. हा अध्याय आपल्याकडे जेवणाआधी म्हणतात. वीस श्लोक, पंगत वाढून होईपर्यंत बरोबर पुरतात. पण अन्न पचल्यावर जे उरते, त्याचे काय?

शरीरात अग्नी पेटला की धूर आणि राख होणारच. प्राण म्हणजे श्वास, तो धूर बाहेर नेतो. अपानाची गती खाली, मलमूत्राचे विसर्जन त्याच्याकडे. आपल्या ग्रंथांत सगळे विज्ञान आधीच होते, असे सांगणाऱ्यांतला मी नव्हे. तरीही फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांचे काम वाचताना मला ही जोडीच आठवते.

रक्त किंचित अल्कधर्मी असते. त्याचे मोजमाप 7.35 ते 7.45 एवढ्याच अरुंद पट्ट्यात राहावे लागते. आम्ल तर क्षणोक्षणी तयार होते. त्यातला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे श्वासावाटे टाकतात. जे आम्ल वायुरूप होत नाही ते मूत्रपिंडे लघवीवाटे टाकतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्ताला परत देतात. म्हणजे यांचे खरे काम टाकण्यापेक्षा राखण्याचेच जास्त! फुप्फुसे मिनिटांत सावरतात, मूत्रपिंडांना दोन-तीन दिवस लागतात. मूत्रपिंडे थकली आणि रक्तात आम्ल साठले, की माणूस न सांगता खोल श्वास घेऊ लागतो. उलट दम्यासारख्या जुन्या विकाराने फुप्फुसांत वायू कोंडू लागला, तर मूत्रपिंडे रक्तात क्षार राखून तोल सांभाळतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने शरीराच्या या शहाणपणावर 1932 साली पुस्तक लिहिले. त्याच वर्षी इथे, सखीरपासून फार लांब नसलेल्या दुखान डोंगराशी, बहरीनचे पहिले तेल लागले.

आता सखीरचेच बोलतो. इथे विद्यापीठ आहे, राजवाडा आहे, 2004 पासून मोटारींच्या शर्यती आहेत, बाकी वाळवंट. ज्येष्ठ महिन्यात साइटवर काम करणाऱ्या एका तरुणाने मला विचारले, ''काका, आई गावाकडे निर्जळा एकादशी करते. मीही धरू का?''

मी त्याला विचारले, ''तुझी ड्युटी उन्हात की सावलीत?'' तो म्हणाला, ''उन्हात.''

''मग पाणी पी बाबा,'' मी म्हणालो.

त्याला ते पटेना. तेव्हा मी त्याला भीमाची कथा सांगितली. सगळे पांडव दर एकादशीला उपवास करीत. भीमाच्या पोटात मात्र वृक नावाचा अग्नी, त्याला भूक सोसेना. व्यासांनी त्याला पापी म्हटले नाही. त्यांनी त्याचा देह पाहिला आणि वर्षातून एकच एकादशी करायला सांगितली. म्हणजे ज्या व्रताला आपण सर्वांत कडक समजतो, ते मुळात एका शरीराला दिलेली सवलत आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही भगवंत म्हणतात, अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही.

उन्हात कष्ट करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. पाणी कमी पडले की मूत्रपिंडे ते धरून ठेवतात, लघवी गडद होते. पण मळ बाहेर काढायला त्यांना दिवसाला निदान अर्धा लिटर पाणी लागतेच. मध्य अमेरिकेत उसाच्या फडांत राबणाऱ्या कित्येक तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी झाली. उष्णता आणि वारंवार होणारा पाण्याचा तुटवडा यांवर संशोधकांचा मोठा संशय आहे. बहरीन सरकारने 2007 पासून उन्हाळ्याच्या ठरावीक काळात दुपारी 12 ते 4 उघड्यावर काम करायला बंदी घातली आहे. पण बंदीच्या आधीचे आणि नंतरचे तासही उन्हाचेच!

मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कोणताही कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाणी किती, हेही डॉक्टरच ठरवतील.

त्या तरुणाने एकादशीला धान्य सोडले, पाण्याची बाटली जवळ ठेवली आणि संध्याकाळी आईला फोन केला. आई म्हणाली, ''पाणी प्यालास ना? मग झाले.''