चार बोटांचं अंतर

जुन्या जीपचा ब्रेक बिघडला की सगळ्यांचं लक्ष आधी चाकांकडे जातं. ड्रम उतरतात, लायनर तपासले जातात, व्हील सिलिंडर खोलले जातात. तिथे काही सापडलं नाही की ऑइल बदलून, हवा काढून गाडी परत मिळते. पण मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं ठळक रंगवलेल्या महिंद्राच्या पेट्रोल जीपमध्ये, म्हणजे सीजे-थ्री-बीमध्ये, दुखणं कधीकधी चाकांपासून लांब, चालकाच्या पायाखाली असतं.

मास्टर सिलिंडर तिथे खाली, चासीच्या डाव्या अंगाला बसवलेला असतो. इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्डही डावीकडेच, आणि त्याचा पाइप तिथूनच खाली उतरून सायलेन्सरकडे वळतो. इतक्या वर्षांत या गाड्यांचे पाइप किती वेळा बदलले गेले याचा हिशोब कुणाकडेच नसतो. प्रत्येक वेळी नवा पाइप नजरेच्या अंदाजाने वाकवला जातो आणि जागा असेल तिथून पुढे नेला जातो. माझ्याकडे जीप आली तेव्हा पाइप आणि मास्टर सिलिंडर यांच्यात जेमतेम बोटभर फट होती. पाइप कशाला टेकत नव्हता, म्हणून आधीच्या कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं.

उष्णतेला टेकावं लागत नाही. तापलेल्या लोखंडातून निघणारी किरणं त्याच्या केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतात, त्यामुळे सपाटीवर निरुपद्रवी वाटणारा पाइप चढावर अगदी वेगळा वागतो. वाईहून पसरणीचा घाट चढताना इंजिन खालच्या गिअरमध्ये जोर लावत असतं आणि गाडीखालून वारा फारसा वाहत नाही. महाबळेश्वरला चहाला थांबलं की तोही बंद पडतो. पाइपाची धग मात्र शेजारच्या सिलिंडरला लागतच राहते. मग गाडी आंबेनळीने पोलादपूरकडे उतरायला लागते, आणि ब्रेक खरा हवा असतो तो नेमका तेव्हा.

या धगीने ब्रेक दोन उलट प्रकारांनी बिघडतो. पहिल्या प्रकारात तो नाहीसाच होतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि कोकणच्या पावसाळ्यात हे काम जोरात चालतं. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाची अपेक्षाही १४० अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल विरोध न करता खाली जातं.

दुसरा प्रकार मला जास्त विचार करायला लावतो, कारण तो लपून राहतो. मास्टर सिलिंडरच्या आत, ऑइलच्या टाकीकडे उघडणारं एक अगदी बारीक छिद्र असतं. पेडल सोडलेलं असताना रबराचा कप या छिद्राच्या मागे सरकलेला असतो, आणि तापून फुगलेलं ऑइल तिथून टाकीत परत जातं. पेडलला अर्धा इंच मोकळा खेळ ठेवायचा तो यासाठी. खेळ कमी असेल किंवा कप फुगलेला असेल तर छिद्र झाकलेलंच राहतं. ऑइल प्रसरण पावतं, त्याला जायला वाट नसते, आणि कुणी पाय न लावता ब्रेक धरायला लागतो. चाकं जड होतात, ड्रमही तापतात. गाडी थंड झाली की सगळं आपोआप सुटतं, म्हणून सकाळी गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. परीक्षा गाडी गरम असतानाच करावी लागते: चाकाचं ब्लीड निपल हळूच सैल करायचं, ऑइल पिचकारीसारखं उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकलेला आहे हे नक्की.

उपाय म्हणून लोक आधी पाइपाला फायबर ग्लासची पट्टी गुंडाळतात. आपल्या पावसात ती पाणी धरून ठेवते आणि आतला पाइप सडतो. जुन्या गॅरेजमध्ये ॲस्बेस्टॉसची दोरीही दिसते. तिला हात लावू नये, तिचे तंतू फुप्फुसात जातात. डॉट ४ घातल्याने मर्यादा वर सरकते, पण धग तेवढीच राहते.

मी आधी पाइपच पुन्हा वाकवून घेतला. चार बोटं जागा निघाली आणि निम्मं काम तिथेच झालं. मग मधोमध ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा उभा केला, स्पेसर घालून चासीला धरलेला. तो ना पाइपाला टेकतो ना सिलिंडरला. वर-खाली उघडा ठेवला आहे, कारण चारही बाजूंनी बंद पेटी केली तर धग आतच कोंडते. ब्रेकची लोखंडी नळीही त्याच आडोशाला आणली. पेडलचा खेळ पुन्हा मोजला, कप नवे घातले, आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर ऑइल बदलायचं ठरवलं.

मूळ रूप जपणाऱ्या एका स्नेह्यांना तो पत्रा खटकतो. त्यांची आस्था मला कळते, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण या जीपमध्ये चारही चाकांना ऑइलची एकच वाट आहे. ती गेली की उरतो फक्त हँडब्रेक, ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टला धरणारा, गाडी उभी ठेवण्यासाठी केलेला. घाटात समोरून एसटी येत असते, कडेने माणसं चालत असतात. माझी गाडी किती अस्सल आहे याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. पत्रा चार बोल्टांवर आहे. प्रदर्शनाच्या दिवशी हवा तर काढता येतो.