स्वतःशी न खेळणारा संघ

सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिली की परीक्षा न्याय्य झाली, असे आपण सहज मानून चालतो. हे गृहीत कितपत टिकते, ते तपासण्यास अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल हे सोयीचे उदाहरण आहे. तेथे महाविद्यालये गट बांधून खेळतात. त्या गटास कॉन्फरन्स म्हणतात. राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडणारी समिती केवळ विजय मोजीत नाही. ते कोणाविरुद्ध व कोणाच्या मैदानावर मिळवले, म्हणजेच वेळापत्रकाची काठिण्यपातळी काय होती, हेही ती पाहते.

'बिग ईस्ट' हा असाच एक गट. १९७९ साली स्थापन झालेला हा गट २०१३ मध्ये नव्याने बांधला गेला. २०२० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठ परतल्यावर त्यात अकरा संघ झाले. त्यांपैकी नऊ कॅथलिक विद्यापीठांचे आहेत. सिनसिनाटीचे झेवियर तर, ज्यांचे पार्थिव गोव्यात जतन केलेले आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच नावाचे. प्रत्येक संघ उरलेल्या दहा संघांशी दोनदा खेळतो, एकदा घरी आणि एकदा परक्या मैदानावर. 'बिग टेन' गटात २०२४ मध्ये संघ अठरा झाले, तेव्हा वीस सामन्यांत तिघांशी दोनदा आणि चौदांशी एकदाच गाठ पडू लागली. ते तिघे कोण, यावर पुष्कळ काही अवलंबून. बिग ईस्टमध्ये ही तक्रार उद्भवत नाही. सर्वांना सारखेच वीस सामने.

पण खरोखर सारखेच का? २०२३-२४ च्या हंगामात कनेक्टिकटने वीसपैकी १८ सामने जिंकले आणि शिकागोच्या डीपॉलने एकही नाही. गटात एकूण ११० सामने झाले, म्हणजे ११० विजय वाटले गेले. कनेक्टिकटचे १८ वजा केले की त्याच्या दहा प्रतिस्पर्ध्यांकडे ९२ उरतात. त्या दहांचे प्रत्येकी वीस, मिळून २०० सामने. यशाचे प्रमाण ४६ टक्के. डीपॉलच्या प्रतिस्पर्ध्यांकडे मात्र सगळेच्या सगळे ११०, म्हणजे ५५ टक्के. कारण साधे आहे. कनेक्टिकटला कनेक्टिकटशी खेळावे लागत नाही. डीपॉलला ते दोनदा करावे लागते, आणि डीपॉलशी खेळण्याचा लाभ डीपॉलला कधीच मिळत नाही.

यावर गणिती म्हणेल की, डीपॉलचे प्रतिस्पर्धी बलाढ्य दिसतात ते काही अंशी डीपॉलला हरवूनच. आक्षेप रास्त आहे. निवड समितीसमोर २०१८ पर्यंत असलेला आरपीआय हा निर्देशांक म्हणूनच प्रतिस्पर्ध्याचे यश मोजताना त्याचे त्या संघाविरुद्धचे सामने वगळीत असे. येथे तसे केले तर? दहा प्रतिस्पर्ध्यांचे आपापसांत ९० सामने, ९० विजय आणि ९० पराभव. कनेक्टिकटसाठी ५० टक्के, डीपॉलसाठीही ५० टक्के. आणि असे वेळापत्रक पुरे झाले की दरवर्षी, प्रत्येक संघासाठी हेच उत्तर. हे माप समतेखेरीज दुसरे काही बोलूच शकत नाही!

पहिल्या मापात दुबळ्याचा दुबळेपणाच त्याची वाट अधिक खडतर दाखवतो. दुसऱ्याला काहीच दिसत नाही. बलवान मात्र "आम्हीही याच वेळापत्रकातून गेलो" असे म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो. त्याच्या वाट्यास आलेल्या स्पर्धेत तो स्वतः नसतो, एवढेच त्याच्या ध्यानात येत नाही. गुणवत्ता यादीतला पहिला विद्यार्थी किंवा बाजारपेठेतला सर्वांत मोठा दुकानदार हेच बोलतो, तेव्हा आपणही माना डोलावतो.

म्हणून डीपॉलला चार गुण वाढवून द्यावेत, असे मी म्हणणार नाही. वाट खडतर होती म्हणून पराभवाचा विजय होत नाही. त्याच्या प्रशिक्षकांना जानेवारी २०२४ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, दूर करण्यात आले. तो निर्णय योग्य होता की नव्हता, हे वेळापत्रक सांगू शकत नाही. श्रेष्ठ कोण, याचे उत्तर गुणतक्ता देतो. कोणाला किती दोष द्यावा, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो, आणि तरीही आपण उत्तर तेथूनच उचलतो.

त्याच हंगामात सीटन हॉल हा संघ १३ विजयांसह गटात चौथा आला. पुढे राष्ट्रीय विजेता ठरलेल्या कनेक्टिकटलाही त्याने हरवले होते. तरी राष्ट्रीय स्पर्धेत त्याची निवड झाली नाही. 'मिसुरी व्हॅली' या लहान गटातून आलेला इंडियाना स्टेट हा संघ तोवर २८ सामने जिंकला होता. तोही वगळला गेला. वगळलेल्यांसाठी एनआयटी ही वेगळी स्पर्धा असते. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या अंतिम सामन्यात, इंडियानापोलिसला, हेच दोन संघ समोरासमोर आले. एकाची वाट कठीण गटातली, दुसऱ्याची लहान गटातली. सीटन हॉल दोन गुणांनी जिंकला.