खात्री कुणाला, शंका कुणाला

हात धुऊन कधीच झालेत, बोटांची सालं निघालीत, तरी नळ बंद होत नाही. ‘मला कळतंय हो, हा वेडेपणा आहे, पण थांबताच येत नाही,’ असं ती नवऱ्याला सांगते आणि पुन्हा साबण उचलते. दुसऱ्या एका घरात एक तरुण शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजतोय. तीन झाल्या की पाळत ठेवणारी माणसं निघाली, ही खूण त्याला पक्की ठाऊक आहे. एरवी त्याचं जेवण, बोलणं व्यवस्थित.

बघणाऱ्याला ती जास्त आजारी वाटेल. तरीही सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, म्हणायचं ते त्या तरुणाच्या आजाराला. तिची ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, सहसा त्यात बसत नाही. त्रास कुणाला किती, यावर हे ठरतच नाही. तिचं भांडण स्वतःच्या विचारांशी आहे. तो मात्र त्या विचारांच्या बाजूने साऱ्या जगाशी भांडतोय. म्हणून ती आपणहून डॉक्टरकडे जाते, आणि तो विचारतो, ‘मला काय झालंय? त्यांना पकडा ना!’ त्याला कुकर उघडून आतली डाळ दाखवली, तर दाखवणाराही त्या कटात सामील ठरतो. तेव्हा वाद घालू नये, हो ला होही म्हणू नये. ‘मला तसं वाटत नाही, पण तू घाबरलायस हे दिसतंय,’ एवढं म्हणता आलं तर पुढे डॉक्टरपर्यंत नेता येतं.

सायकोसिस नाही म्हणजे आजार किरकोळ, ही समजूत मला फार घातक वाटते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’ या चित्रपटात स्किझोफ्रेनिया हा सायकोसिसचा आजार दाखवला, तसंच पुढे ‘कासव’मध्ये नैराश्य; त्या नैराश्यातला मुलगा जिवावर उठलेला असतो, स्वतःच्याच.

शिवाय सायकोसिस आणि बाकीचे आजार यांच्या मधली रेघ पुसट आहे. नैराश्य फार वाढलं की ‘माझ्या हातून चूक झाली’ याचं ‘माझ्या पापाने आतडी कुजलीत’ होतं, आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट समोर ठेवूनही ते हलत नाही. हा सायकोसिससह आलेला नैराश्याचा आजार. यात नैराश्याच्या गोळीसोबत सायकोसिसचं औषधही बहुधा लागतं, कधी विजेचे उपचारही, आणि आत्महत्येचा धोका मोठा असल्याने डॉक्टरांची पुढची तारीख मिळेपर्यंत थांबून चालत नाही.