योगक्षेमाचा हिशेब

कीर्तनकाराला लोक दोन प्रसंगी हमखास प्रश्न विचारतात. एक, घरात कोणी गेले म्हणजे. आणि दुसरा, घरात पैशाची ओढाताण सुरू झाली म्हणजे. पहिल्याचे उत्तर संतांनी आयते देऊन ठेविले आहे. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र आमच्यासारख्या पोथीवर वाढलेल्या माणसाची त्रेधा उडते, आणि ती लपविण्यासाठी आम्ही एखादे वचन म्हणून मोकळे होतो. असेच एक वचन आम्ही एका तरुण वैमानिकाच्या पदरात टाकले आणि ते आम्हांस परत घ्यावे लागले. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

आमच्या दिंडीत वीणा घेऊन चालणारे एक वारकरी आहेत. चार एकर बागायत, दोन म्हशी, माळकरी घर. त्यांचा मुलगा लहानपणी टाळ घेऊन आमच्या मागे उभा राहात असे. पुढे तो वैमानिक झाला. हे शिक्षण सोपे नाही, आणि स्वस्त तर मुळीच नाही. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळण्यापूर्वी २०० तास प्रत्यक्ष उड्डाण करावे लागते. आणि त्यानंतर ज्या जातीचे मोठे विमान चालवावयाचे त्याचे शिक्षण निराळे घ्यावे लागते. मुलाचा सगळा खर्च पाऊण कोटीच्या घरात गेला. बापाने चारही एकर बँकेकडे गहाण टाकले. मुलाला एका कंपनीत सहवैमानिकाची जागा मिळाली, गावात पेढे वाटले, आणि आम्हीही ते खाल्ले.

गेल्या श्रावणात गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन झाल्यावर तो भेटला. वय तेहेतीस, पण चेहरा पन्नाशीचा. म्हणाला, "महाराज, विमान सोडावं म्हणतो. पुण्याला एका कचेरीत जागा मिळतेय. पगार निम्म्याहून कमी, पण ठरलेल्या तारखेला येणारा. घरात लहान मुलगी आहे, सासरे म्हणतात हा जुगार पुरे झाला. तुम्ही काय सांगता?"

मंडप सोडविण्याची घाई चालली होती, माणसे पाया पडत होती. आम्ही पटकन स्वधर्माचा सिद्धान्त सांगितला. दुसऱ्याचे काम कितीही सुखाचे दिसले तरी आपले आपण सोडू नये, एवढे सांगून खांद्यावर हात ठेविला. तो नमस्कार करून निघून गेला. बाप मात्र तिथेच उभा राहिला. हळूच म्हणाला, "महाराज, स्वधर्म त्याचा, खरंय. पण सात-बारा माझ्या नावावर हाय."

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. बारा वर्षे पाठशाळेत घासली, भाष्ये वाचली, आणि एका शेतकऱ्याने एका वाक्यात आमची पाठ जमिनीला लाविली. विमान चालविणे हा कोणाचा स्वधर्म आणि कचेरीत बसणे हा कोणाचा परधर्म, असे कोणत्या भाष्यकाराने लिहिले आहे? वचन खरे होते, पण आम्ही ते उत्तर टाळण्यासाठी वापरले होते.

संस्कृतात 'वृत्ति' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. वृत्ति म्हणजे उपजीविका, आणि वृत्ति म्हणजे मनाची अवस्था. माणूस येऊन म्हणतो, महाराज, माझी वृत्ति अस्थिर आहे; तर आधी विचारावे, बाबा रे, कोणती? उपजीविका अस्थिर असेल तर त्याला उपाय निराळा; मन अस्थिर असेल तर निराळा. आम्ही त्याला दुसऱ्या रोगाचे औषध दिले आणि पहिला रोग आहे की नाही हे पाहिलेच नाही.

आणि पहिला रोग खरोखर आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. पंचवीस वर्षांची कंपनी, पण हजारो माणसांचे पगार थकले. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. मध्ये २०२० साली महामारीत २५ मार्चपासून २५ मेपर्यंत देशातली प्रवासी विमाने जमिनीवर उभी राहिली. त्या वर्षी आषाढीची पायी वारीही झाली नाही आणि पादुका एस. टी.ने पंढरीस गेल्या, हे आपण विसरलेले नाही. त्या काळात या मुलाचा पगार कापला गेला, काही महिने तर बिनपगारी रजा. बँकेचा हप्ता मात्र रजेवर जात नाही.

शिवाय या नोकरीत परवाना हाच प्राण. दरवर्षी शरीराची कसून तपासणी, आणि दर सहा महिन्यांनी कृत्रिम विमानात बसवून परीक्षा. त्यात इंजिन बंद पाडतात, धूर करतात, आणि म्हणतात आता उतरव. (दर सहा महिन्यांनी आम्हा कीर्तनकारांची अशी परीक्षा घेतली तर फडावर किती उरतील हा विचार मनात येतो.) कानात, डोळ्यात, हृदयात काही निघाले तर पस्तिसाव्या वर्षीही घरी बसावे लागते. तेव्हा सासरे जुगार म्हणाले ते रागाने म्हणाले असतील, पण अगदीच खोटे म्हणाले नाहीत.

कार्तिक वद्यात आळंदीस माउलींच्या सोहळ्याला तो पुन्हा आला. आम्हीच निरोप धाडला होता. इंद्रायणीच्या घाटावर बसलो, बापही होता. आम्ही म्हटले, "अरे, श्रावणात आम्ही तुला उत्तर दिले नाही, वचन दिले. ते परत घेतो. आता योगक्षेमाचे बोलू."

हा शब्द आपण सर्व भाविक म्हणतो, पण त्यातले दोन तुकडे वेगळे करून पाहात नाही. योग म्हणजे जे मिळालेले नाही ते मिळणे. क्षेम म्हणजे जे मिळालेले आहे ते राखणे. पैशाच्या स्थैर्याची इच्छा ही क्षेमाची इच्छा आहे, आणि ती पाप नाही. भगवंताने ती स्वतःच्या अंगावर घेतली आहे, म्हणजे ती तुच्छ मानलेली नाही. काही मंडळी गळ्यात माळ पडली की संसाराची चिंता हीच नास्तिकता समजतात. त्यांच्या घरची चिंता बहुधा त्यांची बायको करीत असते.

मुलगा म्हणाला, "पण महाराज, तुकोबारायांनी तर खतं इंद्रायणीत बुडवली. त्यांनी उद्याचा विचार केला होता का?"

प्रश्न नेमका होता, आणि नदीही तीच होती. आम्ही म्हटले, कथा सगळी ऐक. दुष्काळ पडला, व्यापार बसला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. नंतर वैराग्य झाले आणि सावकारीची खते बुडवावयास काढली. तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा आडवा आला. मला संसार करावयाचा आहे, म्हणाला. तेव्हा महाराजांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. भावाची वाटणी भावाच्या हातात ठेविली आणि आपली तेवढीच डोहात सोडली. चरित्रात ही वाटणी आहे. कीर्तनात आम्ही ती घाईत सांगून जातो, कारण टाळ्या बुडविण्याला पडतात, वाटणीला पडत नाहीत. तुझ्यापुरते बोलावयाचे तर, आपला वाटा बुडविण्याचा तुला अधिकार आहे. बापाच्या शेताला हात लावण्याचा नाही. मग विमानात राहून लागो की विमान सोडून लागो.

बाप नदीकडे पाहात होता. काही बोलला नाही.

"मग हिशेब काढ," आम्ही म्हटले. नाथ महाराज देवगिरीस जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैची चूक निघेना म्हणून रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि ती सापडल्यावर त्यांनी टाळी वाजविली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. स्वामींनी त्यातून पुढे जो उपदेश केला तो मोठाच. पण आधी पै सापडली, हेही विसरू नये.

मुलाने भ्रमणध्वनीवरच आकडे मांडले. बँकेचे ३६ लाख बाकी, व्याज शेकडा दहा. म्हणजे नुसते व्याज महिन्याला ३० हजार. पुण्याच्या कचेरीच्या पगारातून घर चालवून त्याला ३५ हजारांच्या वर भरता येईना. म्हणजे मुद्दल मुंगीच्या पावलाने उतरणार, आणि शेत बापाच्या हयातीत सुटण्याचा संभव नाही. उलट विमानात राहून, मुंबईचे भारी भाड्याचे घर सोडून आणि हप्त्यावर घेतलेली मोटार विकून, महिना सव्वा लाख भरला तर पावणेतीन वर्षांत शेत मोकळे. ज्या नोकरीला तो स्थिर म्हणत होता तीत पगार स्थिर होता आणि कर्जही स्थिर होते! हे त्याने पूर्वी कधी कागदावर मांडलेच नव्हते. इतका शिकलेला मुलगा, वाऱ्याचा वेग आणि इंधनाचा हिशेब रोज करणारा, पण घरचा हिशेब भीतीने उघडत नव्हता.

मग आणखी दोन गोष्टी निघाल्या. एक, हे दार एकदा ओढले की सहज उघडत नाही. प्रवासी घेऊन उडावयाचे तर मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन उतरणी झालेल्या असाव्या लागतात. वर्ष-दोन वर्षे हात सुटला तर पुन्हा शिक्षण, पुन्हा खर्च. पखवाजाचेही तसेच आहे. सोडावयाचे म्हटले तरी लगेच सुटका नाही. २०१७ साली सरकारी महासंचालनालयाने सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कप्तानाला एक वर्षाची आगाऊ सूचना घालून दिली. दुसरी गोष्ट, परवाना गेल्यास रक्कम देणारा विमा असतो, तो त्याने घेतलाच नव्हता. आम्ही म्हटले, "बाळ, ज्याच्यावर एवढी माणसे जगतात त्याने हे न करणे याला आम्ही देवावरचा विश्वास म्हणणार नाही." घरातला सहा महिन्यांचा खर्च वेगळा काढून ठेवावा, हेही ठरले.

येथवर उपजीविकेच्या वृत्तीचे झाले. पण दुसऱ्या वृत्तीचे विचारल्याशिवाय उठणे बरे नव्हते. विचारले, "विमानात बसल्यावर हे हप्ते डोक्यात येतात का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एकदा आले होते. उतरताना वरून सांगितलेला आकडा मी ऐकलाच नाही. कप्तानांनी ऐकला."

गोरोबाकाका तेरला चिखल तुडवीत होते, मन पांडुरंगापाशी होते, आणि पायाखाली लेकरू आले. ही कथा आम्ही तन्मयतेची म्हणून सांगतो आणि सांगत राहू. परंतु ते लेकरू विठ्ठलाने परत दिले. तुझ्या मागे पावणेदोनशे माणसे बसलेली असतात. आम्ही त्याला स्पष्ट सांगितले की असे पुन्हा झाले तर शेत गहाण राहिले तरी चालेल, पण त्या दिवशी वरिष्ठांना सांगून खाली उतर. बापाकडे पाहून विचारले, "माउली, चालेल ना?" म्हातारा म्हणाला, "चालंल. शेतात पुन्हा पिकतं."

श्रावणात आम्हांला जे सुचले नाही ते त्याला सुचले, हे येथे नमूद करून ठेवतो.

तर सध्या तो उडतो आहे. मोटार विकली, विम्याचे कागद त्याने आम्हांला दाखविले. शेत सुटल्यावर तो विमानात राहील की पुण्याच्या कचेरीसारखी जागा पाहील, ते त्या वेळी ठरेल; तेव्हा ज्याचा वाटा त्याच्या हातात असेल आणि निर्णय त्याचा एकट्याचा राहील. सासऱ्यांचे समाधान झालेले नाही. त्यांनी आम्हांलाही दोन शब्द सुनावले, ते आम्ही ऐकून घेतले.

निघताना मुलाने एक शंका विचारली. आषाढी एकादशीला रजा मिळत नाही, तर निर्जळ उपवास करून विमान चालवावे का? आम्ही म्हटले, मुळीच नाही. पोटभर फराळ कर, पाणी पी, आणि तुझ्या कामाच्या नियमात अन्न घ्यावयास सांगितले असेल तर अन्न घे. सावता महाराज मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, त्यांना मळ्यात भेटला तोच तुला भेटेल. बापाच्या कपाळावर आठी उमटली. तीस वर्षांत त्यांनी एकादशीला पाणीसुद्धा सूर्य मावळल्यावरच घेतले आहे. थोडे थांबून त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचे चार लाडू काढले आणि पोराच्या हातावर ठेविले.