जुन्या संगणकातून नव्या संगणकात



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्राम कार्यालयात नवा संगणक आला. जुना अजून चालत होता. परंतु त्यातील विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ त्या जुन्या यंत्रावर बसेना. धर्मग्रामाच्या नोंदी आणि हिशेब असे उघड्यावर ठेवणे बरे नव्हे, म्हणून बदल करावा लागला. युवा गटातील एक मुलगा मदतीला आला. दोन संध्याकाळी आम्ही त्याच्या शेजारी बसलो होतो. तेव्हा जे शिकलो ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

फायली सहज गेल्या. मिस्साची वेळापत्रके, धर्मशिक्षणाच्या याद्या, सणाचे फोटो, सारे आधी एका सुट्या हार्ड डिस्कवर घेतले आणि मग नव्या यंत्रात उतरवले. आम्हांला उत्साह आला. हिशेबाच्या प्रोग्रामचे पडद्यावरचे चिन्हही आम्ही तसेच उचलून नव्यात टाकले. क्लिक केले, तर काही उघडेना. मुलगा हसला आणि म्हणाला, ''फादर, हा नुसता शॉर्टकट आहे. प्रोग्राम कुठे आहे ते सांगणारी पाटी! पाटी इकडे आली, प्रोग्राम तिकडेच राहिला.''

मग त्याने समजावून सांगितले. फाईल म्हणजे कागद. नक्कल केली की झाले. प्रोग्रामचे तसे नसते. त्याचे भाग यंत्रात ठिकठिकाणी बसलेले असतात आणि यंत्राच्या अंतर्गत नोंदवहीत त्यांची नोंद असते. म्हणून बहुतेक प्रोग्राम नव्या यंत्रात पहिल्यापासून बसवावे लागतात, आणि काहींची किल्ली पुन्हा घालावी लागते. त्याला वेळ द्यावा लागतो.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांत याहून वेगळे काय घडते? भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे, दारावर क्रूस आहे, गाडीच्या आरशाला रोझरी आहे. या चांगल्या पाट्या आहेत, त्या काढू नका. पण पाटीमागे प्रार्थना आहे का? संत पौल तीमथ्याला लिहितो की, तुझी श्रद्धा आधी तुझी आजी लोईस आणि आई युनिके यांच्या ठायी होती. इतके सांगून तो थांबत नाही. देवाचे जे दान तुला मिळाले आहे ते तू पुन्हा प्रज्वलित कर, असे तो लगेच बजावतो. आजीची श्रद्धा नातवात आपोआप उतरत नाही. ती त्याच्यात नव्याने बसवावी लागते, रोज संध्याकाळी, त्याच्या शेजारी गुडघे टेकून. टीव्ही बंद करून, हेही सांगितले पाहिजे.

दुसऱ्या संध्याकाळी आपल्या या पत्रकाचे जुने अंक उघडले. पडद्यावर मराठीचे एक अक्षरही नव्हते. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची नुसती खिचडी! ते अंक जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेले होते. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल तर खालची इंग्रजी अक्षरेच दिसतात. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि ही अडचण हळूहळू सरली. आमचे जुने अंक मात्र मागेच राहिले होते. आता ते युनिकोडमध्ये बदलून घेत आहोत. यंत्र बदलून देते, पण कुठे रफार सरकतो, कुठे वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. शेवटी कुणीतरी बसून ओळ न् ओळ वाचावी लागते. आपल्या एक निवृत्त शिक्षिका ते काम करीत आहेत. त्यांचे आभार.

यावरून ख्रिस्तपुराणाची आठवण झाली. फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा मराठी ग्रंथ १६१६ साली गोव्यात छापला गेला, पण रोमन लिपीत. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. तरीही ग्रंथ आपल्या हाती आहे, कारण लोकांनी तो हाताने उतरवून घेतला होता. १९०७ साली तो मंगळूरला छापला गेला आणि १९५६ साली देवनागरीत प्रसिद्ध झाला. छापखान्याच्या प्रती गेल्या. वाचणाऱ्यांनी उतरवलेल्या प्रती राहिल्या.

आता जे सांगायचे आहे ते सांगणे आम्हांला जड जाते.

फायली हलवताना 'नंतर पाहू' नावाचा एक फोल्डर दिसला. तो आम्हीच केलेला होता. त्यात २०२१ सालचे एक पत्र होते, धर्मग्रामातील एका आजोबांनी नातवाकडून ई-मेलने पाठवलेले. धाकट्या भावाशी कुंपणावरून वाद झाला होता आणि कित्येक वर्षे बोलणे बंद होते. ''फादर, तुम्ही एकदा आम्हां दोघांना बसवा, मी माघार घ्यायला तयार आहे,'' असे त्यांनी लिहिले होते. आम्ही पत्र जपून ठेवले. दर महिन्याला सगळ्या फायलींची सुरक्षित नक्कल काढत होतो, तिच्यात तेही दर महिन्याला नकलले जात होते. उघडले मात्र कधी नाही. २०२३ मध्ये आजोबा वारले. अंत्यविधी आम्हीच केला. धाकटे भाऊ दफनभूमीच्या फाटकापाशी उभे राहिले होते, आत आले नव्हते. तेव्हा आम्हांला त्याचे कारणही आठवले नाही.

आम्ही पत्राची प्रत काढली आणि त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर बसून त्यांनी ते दोनदा वाचले. ''हे तेव्हा कळले असते तर,'' एवढेच म्हणाले. आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्यांनी पत्र घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले. दोन्ही घरांच्या संमतीनेच आम्ही हे लिहीत आहोत. परवा त्या नातवाने कळवले की रविवारी दोन्ही घरची माणसे मिळून कबरीवर फुले ठेवून आली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलने केलेला एक भेद आम्ही पाठ केला होता. ज्ञान असणे वेगळे आणि ते वापरात असणे वेगळे. झोपलेल्या माणसाजवळही ज्ञान असते. परीक्षेत त्यावर चांगले गुण मिळाले होते. त्याचा अर्थ कळला तो या फोल्डरपाशी. नकलून ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. सुरक्षित ठेवलेली गोष्टही आपण गमावू शकतो.

मत्तयच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, स्वर्गराज्याचा शिष्य झालेल्या शास्त्र्याला प्रभू येशू एका गृहस्थाची उपमा देतो. तो गृहस्थ आपल्या भांडारातून नवे आणि जुने बाहेर काढतो. प्रभू त्याच्या भांडाराची मोजदाद करीत नाही, कुलपाची स्तुती करीत नाही. तो गृहस्थ बाहेर काढतो, हे प्रभू सांगतो. नव्याबरोबर जुनेही, आणि जुन्याबरोबर नवेही.

म्हणून या आठवड्यासाठी तीन विनंत्या. घरी संगणक किंवा मोबाईल बदलणार असाल तर जुने पुसण्याची घाई करू नका. दोन ठिकाणी नक्कल ठेवा, नव्यात प्रत्येक गोष्ट उघडून पाहा, मगच जुने रिकामे करा. दुसरे, घरातील वडीलधाऱ्यांना येत असलेली जुनी गीते आणि प्रार्थना नुसत्या मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवू नका. मुलांना त्यांच्याजवळ बसवून शिकू द्या. तिसरे, आपणां प्रत्येकाच्या मनात 'नंतर पाहू' असा एक फोल्डर असतो. त्यात कुणाची तरी मागितलेली क्षमा, न केलेला फोन, न दिलेली भेट पडून असते. तो आज उघडा. पापनिवेदनासाठी आम्ही शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये बसतोच. त्याची सुरुवात तिथून करता येईल.

आमच्याकडे कुणी पत्र किंवा निरोप दिला असेल आणि उत्तर मिळाले नसेल, तर कृपया संकोच न करता पुन्हा सांगा. नव्या संगणकात तो फोल्डर आम्ही घेतलेला नाही.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू