उतरण्याचे बंदर

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये रणभूमी कुठेच दिसत नाही. १९३९ साली प्रसिद्ध झालेली ही छोटी कादंबरी युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर घडते. चक्रधर हा मायदेशी परतणारा मराठी तरुण, तर हॅर्टा ही जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी. मुंबईला तो उतरतो. तिला पूर्वेकडे जावे लागते, आणि पुढच्या प्रवासात ती समुद्रात जीव देते.

महाविद्यालयात आम्ही ती प्रेमकथा म्हणून वाचली आणि चक्रधरवर यथेच्छ रागावलो. पुढे परदेशी नागरिकांच्या मुदतवाढीचे अर्ज तपासण्याचे काम माझ्या वाट्याला आले. अर्जात 'मुक्कामाचे प्रयोजन' असा एक रकाना असे. एका तरुणीने तिथे आधी काही लिहून ते खोडले होते आणि शेजारी सुवाच्य अक्षरांत 'पर्यटन' असे लिहिले होते. तिच्यासोबत आलेला इथलाच मुलगा खिडकीपासून थोडा मागे, हातात दोघांच्या छत्र्या धरून उभा होता. मुदतवाढ नियमात बसत नव्हती. मी तसे टिपण लिहून नस्ती वर पाठवली. आजही तेच लिहीन. मात्र त्यानंतर 'रणांगण' पुन्हा हाती घेतले, तेव्हा लक्ष प्रेमिकांइतकेच त्यांच्या कागदपत्रांकडे जाऊ लागले.

त्या काळाचा विचार करावा. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर जमले. सहानुभूती बहुतेकांनी व्यक्त केली, दारे फारच थोड्यांनी उघडली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीभर सिनॅगॉग जाळले गेले. देश सोडणाऱ्याला सोबत जेमतेम दहा मार्क नेता येत. व्हिसावाचून उतरता येईल असे शांघाय हे जवळजवळ एकमेव बंदर उरले होते, आणि तिकडे जाणाऱ्या कित्येक बोटी मुंबईवरून जात. चक्रधर परतंत्र देशाचा प्रजाजन होता. स्वातंत्र्य त्याच्याही वाट्याला आलेले नव्हते. परंतु त्याला उतरायला बंदर होते. या दोघांच्या प्रेमात हीच विषमता मला सर्वांत निर्णायक वाटते, आणि बेडेकर तिच्यावर भाष्य करीत बसत नाहीत. ते बोट पुढे नेत राहतात. एरवी प्रेमाला काळाचा विसर पडतो म्हणतात. इथे प्रत्येक बंदर मागे पडते तसे उरलेले दिवस मोजले जातात.

चक्रधरला भ्याड ठरवणे सोपे आहे. उमा नावाच्या मुलीच्या प्रेमात पूर्वी पोळलेला हा तरुण स्त्रियांविषयी मनात कडवटपणा धरूनच बोटीवर चढलेला असतो. आपण खरोखर गुंतलो आहोत हे त्याला कळेपर्यंत प्रवास सरत आलेला असतो. त्याचा अपराध असलाच तर तो या विलंबाचा आहे. आणि विलंबाची शिक्षा युद्धकाळात किती कठोर व्हावी, याला काही प्रमाण नसते.

एका गोष्टीने मात्र मी आजही अस्वस्थ होतो. शांघायला पोहोचलेल्या १५ हजारांहून अधिक ज्यू निर्वासितांपैकी बहुसंख्य लोक युद्धातून वाचले. १९४३ पासून जपानी अंमलाने त्यांना हाँगक्यू भागात कोंडले. उपासमार झाली, रोगराई झाली, तरी बहुतेक जण जगले. हे १९३९ साली बेडेकरांना ठाऊक असणे शक्य नव्हते, हॅर्टाला तर नाहीच. पण आपल्याला ठाऊक आहे, आणि त्यामुळे तिला 'युद्धाची बळी' म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. मागे पडलेल्या जर्मनीत तिचा जीव धोक्यात होता. त्या बोटीवर तसा धोका नव्हता. मुंबईनंतरच्या प्रवासात तिच्यापाशी तिकीट होते, सहप्रवासी होते, पुढचे बंदरही होते. तिला जगणे नको झाले ते यानंतर.