चकाकी कोणी मागितली होती?

ये, इकडे उजेडात ये. हा टोनआर्म हातात धर आणि नीट बघ. वळणावर पिवळं दिसतंय ना? ते आतलं पितळ आहे. वरचा निकेलचा मुलामा तू बफिंगच्या चाकावर उडवलास, आणि मला येऊन सांगतोस, “सर, कसं झळकतंय!” तुला हा ग्रामोफोन दिला होता की देवघरातली समई?

अरे, हा एचएमव्हीचा 101 आहे. 1925 साली बाजारात आला, 1931 मध्ये 102 आला आणि याची सद्दी संपली. सुरुवातीच्या यंत्रांवर निकेल, शेवटच्यांवर क्रोम. निकेल जरा पिवळट, क्रोम निळसर. जाणकार माणूस झाकण उघडताक्षणी रंगावरून वय ओळखतो. तू त्याचा जन्मदाखलाच पुसलास.

“पुन्हा मुलामा देऊन आणतो” म्हणे! तो कसा देतात ते ठाऊक आहे? आधी ॲसिडमध्ये बुडवणार, मग पुन्हा घासणार. कडा गोल होणार, साउंडबॉक्सवरची अक्षरं बुजणार. झालेलं नुकसान दुप्पट करून आणशील.

नुसती चमकच हवी असेल तर चोरबाजारात जा. नवा पितळी कर्णा, नवी पेटी, त्यावर चिकटवलेला कुत्रा आणि आत कुठल्या तरी मोडक्या पोर्टेबलची मोटर. असल्या जोडकामाला परदेशातले संग्राहक मुंबईच्या नावाने हसतात. त्यात आपली भर नको.

करायचं होतं ते फार थोडं. मऊ सुती फडकं, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. आधी न दिसणाऱ्या जागी घासून बघायचं, मळ निघाला की थांबायचं. डाग राहिला तर राहू दे. चावीपाशी, आर्म उचलतात तिथे, निकेल हाताळून झिजतंच. ती झीज खरी असते, झाकायची नसते. पॉलिशच्या पावडरीत कच असते, ती मळाबरोबर मुलामाही नेते, हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

स्प्रिंग मात्र तू चोख बसवलीस. मोटर एका चालीत फिरते, कुठे अडखळत नाही. एवढा हात असलेल्या पोराने हे करावं, याचाच राग येतो.

कुलपाची पट्टी आणि झाकणाचे कोपरे अजून शाबूत आहेत. त्यांना हात लावायचा नाही. तो पावडरीचा डबा उचल इथून. आणि गिऱ्हाइकाला फोन तू करायचास, मी नाही. काय केलंस ते स्पष्ट सांग, “थोडं पॉलिश जास्त झालं” असली सारवासारव नको.